हिशेबाची वही : साठ पत्त्यांची मर्यादा



या सदरात आजवर मुदत ठेवी, नामनिर्देशन, जामीन राहण्याचे धोके, दुकानाचा विमा अशा विषयांवर लिहीत आलो. या महिन्याचा विषय पाहून काही ज्येष्ठ वाचकांच्या भुवया उंचावतील. विषय आहे मुलांच्या हाती दिसणारे पोकेमॉनचे पत्ते. गेल्या वर्षभरात निदान चार आजोबांनी मला मंदिराच्या पायरीवर थांबवून एकच प्रश्न विचारला : "साहेब, नातू या कागदांवर पैसे उधळतो. हा जुगार समजायचा की खेळ?" मी प्रत्येक वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन सुटका करून घेतली. मग प्रश्न माझ्याच घरात आला आणि सुटका संपली.

आषाढातली गोष्ट. महाडचा पाऊस आपणांस ठाऊकच आहे. संध्याकाळी दुकाने लवकर बंद झाली होती आणि सारे जेवायला एकत्र बसले होते. सूनबाईंनी सांगितले की नातवाने सहा महिन्यांत पाकिटांवर चार हजार तीनशे रुपये खर्च केले. हे कमी होते म्हणून की काय, गल्लीतल्या तिसरीतल्या एका मुलाशी त्याने 'जिंकेल त्याचे कार्ड' अशा बोलीने डाव खेळून त्याचे सर्वांत आवडते कार्ड घेतले होते. तो मुलगा दोन दिवस रडत होता. चिरंजीव ताटावरून उठले आणि म्हणाले, "तो डबा उद्या सावित्रीत सोडून द्या." नातू तेरा वर्षांचा आहे. तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिला.

मी म्हणालो, "डबा आठ दिवस माझ्या ताब्यात राहील. तपासणी झाल्यावाचून खाते बंद करता येत नाही."

तपासणी आरंभण्यापूर्वी मी नियमपुस्तिका वाचली. चष्मा बदलून दोनदा वाचली. वाचकांपैकी ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो.

पत्त्यांचा खेळ आपल्या कोकणाला नवा नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहे : गोल, हाताने रंगवलेले, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते. तिथे काय किंवा आपल्या बावन्न पत्त्यांच्या कॅटात काय, सर्वजण एकाच कॅटातून खेळतात. पत्ते पिसले, वाटले, जे हाती आले त्यावर डाव. १९९३ साली अमेरिकेतील रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाने 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ काढला आणि त्यात एक नवी कल्पना आणली. प्रत्येक खेळाडूने स्वतः जमवलेल्या पत्त्यांतून निवडून आपला कॅट घरी बांधायचा आणि तो घेऊन समोरच्याशी खेळायचे. १९९६ मध्ये जपानमध्ये निघालेला पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ याच जातीचा. म्हणजे अर्धा डाव टेबलावर बसण्यापूर्वीच खेळला जातो, आणि तो निवडीचा असतो. ही निवड मुलांना कोणी शिकवत नाही, कारण पाकिटे विकणाऱ्याला त्यात रस नसतो.

आता खेळाचे स्वरूप. पोकेमॉनच्या कॅटात बरोबर साठ पत्ते असावे लागतात, एकही कमी नाही की जास्त नाही. एकाच नावाचे चारपेक्षा अधिक पत्ते ठेवता येत नाहीत. चित्र वेगळे असले तरी नाव तेच असेल तर ते त्या चारांतच मोजले जाते. या मर्यादेतून फक्त मूळ एनर्जीचे पत्ते सुटतात. पत्ते तीन प्रकारचे. पोकेमॉन म्हणजे लढणारे प्राणी. एनर्जी म्हणजे त्यांना लढण्यासाठी लागणारे इंधन. ट्रेनर म्हणजे मदतनीस : कोणी नवे पत्ते ओढून देतो, कोणी हवा तो पत्ता कॅटातून शोधून देतो.

आरंभी प्रत्येकाने सात पत्ते हातात घ्यायचे. त्यांतला एक मूळ, म्हणजे 'बेसिक' पोकेमॉन समोर मांडायचा. आणखी असतील तर मागच्या बाकावर पाचपर्यंत. मग कॅटावरचे सहा पत्ते न पाहता बाजूला ठेवायचे, ही आपली 'बक्षिसे'. समोरच्याचा एक पोकेमॉन बाद केला की आपल्या बक्षिसांतला एक पत्ता हातात येतो. नावापुढे 'ईएक्स' असलेला बलाढ्य पोकेमॉन बाद झाला तर सहसा दोन. ज्याची सहा बक्षिसे आधी उचलून होतात तो जिंकतो. समोरच्यापाशी मैदानात एकही पोकेमॉन उरला नाही, किंवा पाळीच्या आरंभी ओढायला त्याच्या कॅटात पत्ताच नसला, तरीही आपण जिंकतो.

एवढे समजल्यावर मी डबा उघडला आणि वहीत नोंदी केल्या. एकूण पत्ते ४१२. त्यांत मोठा, आग ओकणारा चारिझार्ड तीन. नातवाचा जीव त्या तिघांत. परंतु चारिझार्ड थेट मैदानात येत नाही. आधी लहानगा चारमँडर मांडावा लागतो, पुढे त्याचा चारमेलियन होतो, त्याचा पुढे चारिझार्ड. डब्यात चारमँडर होता एक आणि चारमेलियन दोन. नातवाच्या साठ पत्त्यांच्या कॅटात मूळ पोकेमॉन सारे मिळून आठ होते, चमकणारे मोठे प्राणी सतरा, आणि ट्रेनर फक्त सहा. "ट्रेनरवर चित्र चांगले नसते, दादाजी," हे त्याचे स्पष्टीकरण.

दर रविवारी पोलादपूरहून त्याचा एक वर्गमित्र एस.टी.ने येतो. साधारण वीस किलोमीटरचा प्रवास. त्याच्याकडे डबा नाही. रबर लावलेले साठ पत्ते आणि खिशात आणखी वीस-पंचवीस सुटे. एकही चमकणारा नाही. तो दर रविवारी जिंकतो. मी त्याला विचारले, "बाळ, तुझ्याकडे भारी पत्ते नसताना तू जिंकतोस कसा?" तो म्हणाला, "आजोबा, माझे पत्ते लवकर येतात." मला बराच वेळ त्या उत्तराचा अर्थ लागला नाही. रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा लागला.

साठ पत्त्यांच्या कॅटात एखादा पत्ता एकच असेल तर पहिल्या सात पत्त्यांत तो हाती येण्याची शक्यता शेकडा १२ च्या आसपास. दोन असतील तर त्यांपैकी निदान एक येण्याची शक्यता २२, तीन असतील तर ३२, चार असतील तर ४०. नातवाचा एकुलता एक चारमँडर दहांतल्या जवळजवळ नऊ डावांत आरंभी येतच नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, एकुलता पत्ता बक्षिसांच्या सहा पत्त्यांत अडकण्याची शक्यता दहांत एक. तो तिथे अडकला की तीनही चारिझार्ड हातात शोभेचे.

दुसरा हिशेब मूळ पोकेमॉनचा. सात पत्त्यांत एकही मूळ पोकेमॉन आला नाही तर हात समोरच्याला दाखवून, पुन्हा पिसून, नव्याने सात घ्यावे लागतात; आणि अशा प्रत्येक वेळी समोरच्याला एक जादा पत्ता ओढण्याची मुभा मिळते. मूळ पोकेमॉन आठ असतील तर शंभरांतील सुमारे ३५ डावांत ही पाळी येते. बारा असतील तर सुमारे १९ डावांत. नातू दर तिसऱ्या डावात समोरच्याला आगाऊ व्याज देऊन आरंभ करीत होता.

हे त्याला समजावताना मला २०२१ च्या जुलैची रात्र आठवली. आपल्यापैकी अनेकांनी ती भोगली आहे. २२ तारखेला सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले. माझा धाकटा भाऊ तेव्हा किराणा दुकानात होता. पाणी गुडघ्याला लागले तेव्हा माळ्यावर काय न्यायचे हे ठरवायला त्याच्यापाशी फार तर अर्धा तास होता. काजू-बदाम, केशर, तुपाचे डबे हे सारे महाग. त्याने आधी उचलल्या उधारीच्या वह्या, मग वजनकाटा, मग पुरवठादारांच्या पावत्यांची फाइल. महाग माल पुष्कळसा खालीच राहिला आणि चिखलात गेला. पुढे मी त्याला कारण विचारले. तो म्हणाला, "भाई, माल परत मागवता येतो. पण वही आणि काटा नसेल तर दुकान उघडायचे कशाने?" त्याचे दुकान पेठेतल्या पहिल्या काही दुकानांत उघडले.

नातवाला मी एवढेच म्हणालो, "तुझ्या कॅटात काजू-बदाम भरपूर आहेत. वही आणि काटा कुठे आहे?" त्याने थोडा विचार केला आणि स्वतःच ट्रेनरचा गठ्ठा पुढे ओढला.

मग तीन संध्याकाळी बसून आम्ही कॅट नव्याने बांधला. तो इथे नोंदवतो; आरंभीच्या खेळाडूला नमुना म्हणून उपयोगी पडेल.

पोकेमॉन १७ : चारमँडर ४, चारमेलियन २, चारिझार्ड ३, आणि आगीच्याच जातीचे आणखी दोन मूळ पोकेमॉन प्रत्येकी ४. म्हणजे मूळ पोकेमॉन एकूण बारा.

ट्रेनर ३२ : प्रोफेसर्स रिसर्च ४ (हातातले सारे टाकून नवे सात पत्ते देणारा), पत्ते ओढून देणारे इतर सपोर्टर ४, नेस्ट बॉल ४ (कॅटातून मूळ पोकेमॉन शोधून बाकावर आणणारा), अल्ट्रा बॉल ४ (हातातले दोन पत्ते टाकून कोणताही पोकेमॉन शोधून देणारा), रेअर कँडी ४ (मधली पायरी ओलांडून चारमँडरवरून थेट चारिझार्ड करू देणारा), स्विच ४ (पुढचा आणि बाकावरचा पोकेमॉन बदलणारा), बॉसेस ऑर्डर्स २ (समोरच्याच्या बाकावरचा पोकेमॉन पुढे ओढणारा), जखम भरून काढणारे ४, एनर्जी शोधून देणारे २.

एनर्जी ११, सर्व आगीची.

एकाच जातीची एनर्जी का, हा प्रश्न नातवाने विचारला. त्याच्या जुन्या कॅटात पाच रंगांची होती. आगीचा प्राणी मैदानात आणि हातात पाण्याची एनर्जी, अशी गत नेहमी होई. पाच धंद्यांत थोडे थोडे भांडवल घातले की गरजेच्या वेळी कुठलेच हाती लागत नाही. एवढे सांगितल्यावर व्यापाऱ्याच्या मुलाला अधिक सांगावे लागले नाही.

कमी पडलेले तीन चारमँडर पोलादपूरच्या मित्राने दिले. बदल्यात नातवाने त्याला जादा असलेले सहा पाण्याचे पोकेमॉन दिले. बाकीचे ट्रेनर सुटे मागवले. सारा खर्च एका महिन्यात पाकिटांवर जाणाऱ्या रकमेहून कमी झाला.

नियमांच्या बाबतीतही तपासणीत काही आक्षेप निघाले. गल्लीतली मुले अंदाजाने खेळतात आणि भांडतात. निम्मी भांडणे पुढील बाबींवर होतात, म्हणून त्या स्पष्ट लिहितो.

एका पाळीत हातातून एकच एनर्जी जोडता येते. सपोर्टर प्रकारचा ट्रेनरही पाळीत एकच. 'आयटम' प्रकारचे मात्र हवे तितके. जो पहिला खेळतो त्याला आपल्या पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही आणि सपोर्टरही वापरता येत नाही. ज्या पाळीत पोकेमॉन मांडला त्याच पाळीत त्याचे रूप वाढवता येत नाही. स्वतःच्या पहिल्या पाळीतही नाही. पुढचा पोकेमॉन मागे घ्यायचा तर कार्डावर लिहिली असेल तितकी एनर्जी टाकून द्यावी लागते, आणि हे पाळीत एकदाच. हल्ला केला की पाळी संपली. त्यानंतर "एक राहिलेच" असे म्हणून पत्ता मांडता येत नाही. शेवटची बाब : कार्डावरचे वाक्य सर्वसाधारण नियमाच्या विरुद्ध असेल तर कार्डावरचे वाक्य चालते. बँकेत सर्वसाधारण परिपत्रकाहून विशेष आदेश वरचढ असतो, तसेच.

अधिकृत स्पर्धेत जुनी कार्डे ठरावीक काळाने बाद होतात. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात छापलेल्या बारीक इंग्रजी अक्षरावरून ते कळते. घरी खेळताना त्याची चिंता नको.

आता मूळ प्रश्नाकडे येतो : जुगार की खेळ? सप्तव्यसनांत द्यूताचा क्रम पहिला आहे, त्यामुळे आपल्या घरांत हा प्रश्न हलका मानला जात नाही आणि मानू नये. आठ दिवसांच्या तपासणीनंतर माझे मत असे झाले की या एका डब्यात तीन वेगळे व्यवहार आहेत आणि ते वेगळे ठेवावेत.

पहिला व्यवहार खेळाचा. त्यात पिसण्याचा दैवयोग आहे, पण पोलादपूरचा मुलगा दर रविवारी दैवाने जिंकत नव्हता. इथे गणित, स्मरण आणि संयम लागतो. याला मी खेळ म्हणतो आणि नातवाला मुभा देतो.

दुसरा व्यवहार बंद पाकिटाचा. दहा कार्डांच्या पाकिटाची किंमत तीच, आत काय निघेल ते अज्ञात. निघाले नाही तर "आणखी एक". ही ओढ मी बँकेच्या नोकरीत लॉटरीची तिकिटे घेणाऱ्यांच्या डोळ्यांत पाहिली आहे. नातवाच्या डोळ्यांतही तीच दिसली. उपाय सोपा आहे. आरंभाला साठ पत्त्यांचा तयार कॅट घ्यावा, त्यात काय आहे ते वेष्टनावर कळते. पुढे हवे ते कार्ड सुटे घ्यावे किंवा मित्राशी अदलाबदल करावी. अदलाबदलीत एक पथ्य : समोरचा लहान असेल तर कार्डाची किंमत त्याला आधी सांगावी. अजाण गिऱ्हाइकाला चुकीचे माप घालणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही. आणि जत्रेत, फुटपाथवर मिळणारी सोनेरी प्लास्टिकची कार्डे बनावट असतात. चकाकी पाहून घेऊ नयेत.

तिसरा व्यवहार कार्ड पणाला लावण्याचा. हा उघड द्यूत आहे, रक्कम कितीही लहान असो. गारफिल्ड यांच्या मूळ खेळातही आरंभी प्रत्येकाने एक कार्ड पणाला लावण्याची तरतूद होती. पुढे ती प्रथा खुद्द त्या खेळातच सोडून देण्यात आली. परदेशातल्या खेळाडूंनी जे टाकून दिले ते आपल्या गल्लीत कशाला हवे?

हा अहवाल मी चिरंजीवांपुढे ठेवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि दोन अटी घातल्या : बंद पाकीट वर्षातून एकदाच, वाढदिवसाला, आणि जिंकलेले कार्ड परत. पहिली अट नातवाने लगेच मान्य केली. दुसरीवर तो म्हणाला, "पण मी नियमाने जिंकलो होतो, दादाजी." मी उत्तर दिले नाही. काही उत्तरे दुसऱ्याने देऊन उपयोग नसतो.

डबा त्याला परत दिला. पुढच्या रविवारी तीन डाव झाले. पहिला नातू हरला. दुसरा जिंकला, चौथ्या पाळीतच चारिझार्ड मैदानात उभा होता. तिसरा पुन्हा हरला, एका बक्षिसाने. पोलादपूरचा मुलगा निघताना म्हणाला, "आता मजा येते." एस.टी. चुकू नये म्हणून तो पावसात धावत गेला.

संवत्सरीच्या दिवशी सायंकाळी प्रतिक्रमण आटोपून आम्ही घरी परतत होतो. नातू गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि तिसरीतल्या त्या मुलाच्या घरी गेला. मी बाहेर उभा राहिलो. दारातून मला एवढेच दिसले की त्याने कार्ड दिले, हात जोडले आणि "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाला. लहान मुलाने कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "आता मला शिकवशील?"

सध्या आमच्या ओटीवर रविवारी चार मुले असतात. पण लागत नाही. ज्यांच्या घरी असा डबा आहे त्यांनी तो फेकण्यापूर्वी एकदा नातवासोबत बसून पत्ते मोजावेत, एवढेच सुचवतो. मोजता मोजता तो स्वतःच पुष्कळ काही सांगतो.

पुढील अंकात : दुकानाच्या विम्यात पुराची जोखीम समाविष्ट आहे की नाही, ते विमापत्रात कुठे आणि कसे पाहावे.

जय जिनेंद्र.